टाइल्स किती घ्यायच्या? चौरस फुटांआधी ओळी मोजा

दुकानात ज्याला ‘दोन बाय दोन’ म्हणतात, ती टाइल दोन फुटांची नसते. ती ६०० मिलिमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. एका टाइलमागे फरक नखाएवढा, पण ती झाकते ३.८७ चौरस फूट, ४ नाही. चार नगांची पेटी भरते १५.५ चौरस फूट, १६ नाही. त्यामुळे ‘ब्रासला (१०० चौरस फुटांना) सव्वासहा पेट्या’ हा हिशेब मुळातच कमी पडतो. १०० चौरस फुटांना ६.४५, म्हणजे साडेसहा पेट्या लागतात, आणि त्यात अजून एकही टाइल कापलेली किंवा फुटलेली नाही. हजार फुटांच्या घराला इथेच दोन पेट्यांची खोट बसते.

हाच घोळ बिलातही होतो. दर चौरस फुटावर ठरला आणि बिल पेटीला १६ फूट धरून झालं, तर दर पेटीमागे अर्ध्या फुटाचे पैसे फुकट जातात. ५० रुपये दर धरला तर ४० पेट्यांवर हजार रुपये. म्हणून दुकानात दर ‘पेटीला किती’ असाच विचारावा आणि त्यात १८ टक्के जीएसटी, भाडं, हमाली धरली आहे का, हे त्याच वेळी लिहून घ्यावं.

नेहमीच्या मापांच्या पेट्या साधारण अशा येतात:

१ बाय १ (३०० × ३०० मिमी): १० नग, ९.६९ चौरस फूट
१ बाय दीड (३०० × ४५०): ६ नग, ८.७२
१ बाय २ (३०० × ६००): ५ नग, ९.६९
१६ बाय १६ इंच, पार्किंगची (४०० × ४००): ५ नग, ८.६१
२ बाय २ (६०० × ६००): ४ नग, १५.५०
२ बाय ४ (६०० × १२००): २ नग, १५.५०

कंपनीप्रमाणे नग बदलतात. एक बाय दोनच्या पेटीत कुठे ५ असतात, कुठे ६. पेटीवर छापलेलं असतं, तेच खरं मानायचं.

माप घेताना

टेपची मिलिमीटरची बाजू वापरा. टाइल मिलिमीटरमध्ये, खोली फूट-इंचात आणि गवंडी सुतात (इंचाच्या आठव्या भागात) बोलत असेल, तर गोंधळ ठरलेलाच.

प्रत्येक खोलीची लांबी आणि रुंदी तीन ठिकाणी मोजा: दोन्ही कडांना आणि मध्ये. साताऱ्याच्या पेठांमधले जुने वाडे असोत की सांगलीच्या गावभागातली घरं, जुन्या मातीच्या आणि दगडी भिंती समांतर असतीलच असं नाही. तिन्हींतलं मोठं माप हिशेबाला धरायचं. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत २० मिमीपेक्षा जास्त फरक आला तर खोली गुण्यात (काटकोनात) नाही. अशा खोलीत एका भिंतीला पाचरीसारखी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती पट्टी येणारच. ती टाळता येत नाही, फक्त कुठे न्यायची ते ठरवता येतं: कपाटाच्या किंवा दिवाणाच्या भिंतीला. दारातून आत येताच समोर दिसणाऱ्या भिंतीला कधीच नको.

भिंतींचा गिलावा नव्याने करायचा असेल तर माप त्यानंतर घ्या. प्रत्येक भिंत १२ ते २० मिमी आत येते आणि त्याने एखादी ओळ कमी-जास्त होते. कागदावर नकाशा काढून त्यात दारं, दाराखालची पट्टी, कोनाडे, खिडकीचा कट्टा सगळं मांडा. राहून जातात ते नेमके दाराखालचे तुकडे. भिंत नऊ किंवा चौदा इंची असेल तर तिथे एकेका दाराला दीड-दोन टाइल्स जातात. वाड्याच्या दोन-अडीच फुटी भिंतीला त्याहून जास्त.

एका हॉलचा पूर्ण हिशेब

हॉल १४ फूट ८ इंच बाय १० फूट ४ इंच आहे असं धरू, म्हणजे ४४७० बाय ३१५० मिमी. टाइल दोन बाय दोनची, सांधा २ मिमी. म्हणजे एका टाइलला ६०२ मिमी जागा.

क्षेत्रफळ आलं १५१.६ चौरस फूट. भागिले १५.५, म्हणजे ९.८ पेट्या. ‘पाच टक्के जास्त घ्या’ या सरधोपट सल्ल्याप्रमाणे १०.३, म्हणून ११ पेट्या, ४४ टाइल्स. आता ओळी मोजू.

लांबीत ७ अख्ख्या बसतात आणि २५६ मिमी उरतं. रुंदीत ५ अख्ख्या बसतात आणि १४० मिमी उरतं. गवंड्याने एका कोपऱ्यातून सुरुवात केली तर ३५ टाइल्स अख्ख्या लागतील. २५६ मिमीचे ५ तुकडे, एका टाइलमधून दोन, म्हणजे ३ टाइल्स. १४० मिमीचे ७ तुकडे, एका टाइलमधून चार, म्हणजे २ टाइल्स. कोपऱ्यातला तुकडा उरलेल्यातून निघतो. एकूण ४०, बरोबर १० पेट्या. पण एका लांब भिंतीला साडेपाच इंचांची चिंधी दिसणार, आणि भिंत वाकडी असेल तर तिचा तिरकेपणा त्या अरुंद पट्टीत उठून दिसणार.

मांडणी मधोमध केली तर दोन्ही बाजूंना सारखे, मोठे तुकडे येतात. रुंदीत ४ अख्ख्या आणि दोन्ही कडांना ३७१ मिमी, लांबीत ६ अख्ख्या आणि दोन्ही टोकांना ४२९ मिमी. फरशी देखणी दिसते. पण ३७१ किंवा ४२९ चे दोन तुकडे एका ६०० च्या टाइलमधून निघत नाहीत. म्हणून प्रत्येक तुकड्याला एक टाइल: ८ गुणिले ६, म्हणजे ४८. बारा पेट्या. खोली तीच, टाइल तीच आणि दोन पेट्यांचा फरक. पाच टक्क्यांच्या ठोकताळ्याने ४४ आणल्या असत्या तर शेवटच्या भिंतीपाशी चार टाइल्स कमी पडल्या असत्या.

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी, धरलं की मात्र चित्र बदलतं. हॉलचा घेर १५.२४ मीटर. दारं वजा जाता १३.३ मीटर धरू. ६०० मिमी लांबीच्या २३ पट्ट्या लागतील. मधोमध मांडणीत ३७१ चे तुकडे कापल्यावर सुमारे २२७ मिमीचे १२ कटपीस उरतात, त्यांच्या प्रत्येकी दोन पट्ट्या निघतात: २४. ४२९ चे कापल्यावर सुमारे १६९ मिमीचे ८ कटपीस उरतात, त्यांची प्रत्येकी एक: ८. म्हणजे ३२ पट्ट्या फुकटात, वेगळी एकही टाइल लागत नाही. कोपऱ्यातून सुरुवात केलेल्या मांडणीत उरतं जेमतेम तीन पट्ट्यांपुरतं. बाकी २० पट्ट्यांना आणखी ४ टाइल्स लागतात: एकूण ४४, ११ पेट्या. दोन पेट्यांचा वाटणारा फरक असा एका पेटीवर येतो. एका पेटीच्या पैशात मधोमध मांडणी मिळत असेल तर ती करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. बेडरूममध्ये मात्र तो हट्ट नको. तिथे चिंधी कपाटाखाली जाते.

स्कर्टिंगबाबत दोन गोष्टी गवंड्याशी आधीच बोलून घ्या. एक, उंची. चार इंच म्हणजे १०१.६ मिमी. या उंचीच्या अख्ख्या टाइलमधून पाचच पट्ट्या निघतात, कारण ब्लेडही दर कापाला दीड-दोन मिलिमीटर खातं. उंची ९५ मिमी ठेवली तर सहा निघतात. डोळ्याला फरक कळत नाही, टाइल मात्र वाचते. दोन, वरची कड. पट्टीची कंपनीची कड वर यायला हवी, कापलेली खाली. वरच्या हिशेबात २२७ च्या प्रत्येक कटपीसमधून एकाच पट्टीला कंपनीची कड मिळते, १६९ च्या आठही पट्ट्यांना मिळते, म्हणजे एकूण २०. लागणाऱ्या तेवीसपैकी तीन पट्ट्या कापलेल्या कडेच्या राहतात. त्या घासून सोफ्यामागे लावायच्या. ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइलची छपाई फक्त वरच्या थरात असते, कापलेल्या कडेला आतला वेगळा रंग दिसतो. म्हणून तिथे याची काळजी जास्त.

कटपीस जपायला गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. एकदा ते राडारोड्याच्या ढिगात गेले की वरचं सगळं गणित त्यांच्याबरोबर जातं.

ठोकताळा कधी चालतो

ओळींचा हिशेब झाल्यावर पडताळा म्हणून टक्केवारी वापरा. मोठ्या, सरळ खोलीत ५ ते ७ टक्के. पॅसेज, छोट्या खोल्या, खांब मध्ये आलेली जागा, इथे १० टक्के. तिरपी, ४५ अंशांची मांडणी असेल तर १२ ते १५. हिशेब या पट्ट्याच्या बाहेर गेला तर एक तर आकडेमोड चुकली आहे किंवा खोलीचं माप टाइलला अजिबात जुळत नाही. वरच्या हॉलसारखं. दुसरं असेल तर माप बदलून पाहा: कधी दोन बाय चारने कापणं कमी होतं, कधी वाढतं.

शिरांची, संगमरवरासारखी दिसणारी टाइल असेल तर मागच्या बाजूला बहुधा बाण असतो. शीर एकाच दिशेने न्यायची म्हटलं की कटपीस फिरवून लावता येत नाही. अशा वेळी एक पेटी जास्त धरा. दोन बाय चारच्या टाइल्स विटांच्या रचनेत, अर्ध्यावर सांधा टाकून लावू नका. लांब टाइल मध्यभागी किंचित फुगीर असते, अर्ध्यावर सांधा टाकला की शेजारच्या टाइलची कड तिच्या फुगवट्याशी येते आणि पायाला ठेच लागते. एक तृतीयांशावर ठेवा.

बाथरूम: भिंत भिंतीप्रमाणे, ओळ ओळीप्रमाणे

बाथरूम साडेचार बाय सात फूट (१३७२ बाय २१३४ मिमी), उंची दाराच्या चौकटीपर्यंत सात फूट. टाइल एक बाय दोन, आडवी. सात ओळी सांध्यांसकट २११२ मिमी होतात, सात फुटांना जवळजवळ चिकटतात. आडव्या एक बाय दोनचा हाच फायदा. एक बाय दीड उभी लावली तर चार ओळी अपुऱ्या आणि पाचवी कापावी लागते.

एका ओळीला किती? आखूड भिंतीत २ अख्ख्या आणि १६८ मिमीचा तुकडा, अशा दोन भिंती. लांब भिंतीत ३ अख्ख्या आणि ३२८ चा तुकडा, अशाही दोन. १६८ आणि ३२८ मिळून ४९६, म्हणजे दोन्ही तुकडे एकाच टाइलमधून निघतात. ओळीला १० अख्ख्या आणि कापायला २: बारा. सात ओळींना ८४. दाराची वजावट करू नका. तिथे वाचणाऱ्या साधारण सात टाइल्स नळाची भोकं आणि फूटतूट यांना पुरतात. व्हेंटिलेटरची वजावट तर मुळीच नको, त्याच्या चारही बाजूंना कापावंच लागतं.

८४ भागिले ५, सतरा पेट्या. इथे थांबलात तर फसाल, कारण भिंतीच्या टाइल्स बहुतेक वेळा सेटमध्ये घेतात: खाली डार्क, मध्ये हायलायटर, वर लाइट. दोन ओळी डार्क म्हणजे २४ टाइल्स, पाच पेट्या. एक ओळ हायलायटर १२, तीन पेट्या. चार ओळी लाइट ४८, दहा पेट्या. एकूण अठरा. प्रत्येक रंगाचा हिशेब स्वतंत्र करायचा, कारण डार्कमधली फुटलेली टाइल लाइटने भरून निघत नाही. लाइटमध्ये इथे दोनच टाइल्स शिल्लक राहतात आणि नळ, शॉवर, गीझरची भोकं बहुतेक त्याच ओळींत येतात. तिथे अकरावी पेटी घ्या.

खालची फरशी मोजताना भिंतीच्या टाइल्सची जाडी विसरू नका. टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून प्रत्येक भिंत १५ मिमी पुढे येते. आतली जागा उरते १३४२ बाय २१०४. एक बाय एकच्या अँटिस्किड टाइल्स ३ मिमी सांध्याने लावल्या तर लांबीत सातवी ओळ थोडी कापून बसते, रुंदीत चार अख्ख्या आणि १३० मिमीचा तुकडा. एकूण ३२ टाइल्स. तीन पेट्यांत ३० येतात, म्हणून चार. वरच्या आठ वाया जात नाहीत: ढाळ नहाणी ट्रॅपच्या जाळीकडे न्यायचा म्हणजे जाळीभोवती तिरपं कापणं आलं. बाथरूमला मोठी टाइल घेऊ नये ती याचसाठी. मोठ्या टाइलला चारही बाजूंनी ढाळ देता येत नाही, मग पाणी कोपऱ्यात तुंबतं.

स्वयंपाकघरातल्या डॅडोची (ओट्यामागच्या भिंतीची) टाइल ओट्याचा ग्रॅनाइट बसल्याशिवाय मोजू नका. ओटा इंचभर वर-खाली झाला की वरच्या कपाटापर्यंतची ओळ बिघडते.

खालचा माल

सिमेंट-वाळूच्या थरावर फरशी बसवायची तर ४० मिमी थराला, १:५ प्रमाणात, एका ब्रासला सिमेंटची सुमारे अडीच पोती आणि वर स्लरीला अर्धं, मिळून तीन पोती धरा. वाळू साधारण १४ ते १५ घनफूट, म्हणजे एक ब्रास (वाळूच्या मापात १०० घनफूट) वाळूत सहा-सात ब्रास फरशी. जुनी शहाबादी उखडल्यावर खालचा थर खोलगट निघाला तर हा आकडा सहज दीडपट होतो. म्हणून वाळूची ऑर्डर तोडफोड झाल्यावर द्यावी. टाइल्सची मात्र आधी, त्याचं कारण पुढे येईल.

अॅडहेसिव्हचं २० किलोचं पोतं चांगल्या सपाट पृष्ठभागावर ४० ते ५० चौरस फूट जातं. पोत्यावर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक आणि टाइप कोणता हे वाचा, उत्पादनाची तारीख पाहा. भिंतीवर व्हिट्रिफाइड किंवा जुन्या टाइलवर नवी लावणार असाल तर टाइप १ वर भागवू नका. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, सिमेंटची स्लरी तिला धरून राहत नाही. भिंतीवर ती अशी लावली की वर्ष-दोन वर्षांत पोकळ वाजायला लागते. सिरॅमिक टाइल पाणी पिते. ती सिमेंटमध्ये लावायची तर आधी पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर मालातलं पाणी शोषून घेते आणि पकड येत नाही.

ग्राउट (सांधे भरायचा माल): दोन बाय दोनला २ मिमी सांध्याने एक किलोत ८० ते ९० चौरस फूट होतात, एक बाय एकला ३ मिमी सांध्याने ३० ते ३५. ‘स्पेसर कशाला, भिडवून टाकू’ असं गवंडी म्हणाला तर ऐकू नका. उन्हाळ्यात टाइल फुगायला जागा नसली की खोलीच्या मधोमध दोन टाइल्स तंबूसारख्या उचलल्या जातात.

जुन्या फरशीवर नवी लावावी का

जुनी फरशी चावीने किंवा नाण्याने ठोकत जा. बहुतेक ठिकाणी घट्ट वाजली तरच वर नवी लावा. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांत पाणी शिरलं, तिथे हे फार लक्ष देऊन तपासावं. फरशीखालचा भराव बसलेला असला तर वरची महागडी टाइलही त्याच्याबरोबर खाली जाते. अशा ठिकाणी उखडून, भराव ठोकून, नवा कोबा करूनच पुढे जायचं.

वर लावल्याने फरशी १२ ते १५ मिमी उचलली जाते. दारं तासावी लागतील, शेजारच्या खोलीशी उंबरा होईल, मोरीचा ढाळ पुन्हा काढावा लागेल. वरच्या मजल्यावर मात्र जुना स्लॅब असेल तर हाच मार्ग हलका पडतो: टाइल आणि अॅडहेसिव्हचं वजन चौरस मीटरला २५ ते ३० किलो, तर नुसत्या ४० मिमीच्या सिमेंट थराचंच ८० किलो.

ऑर्डर आणि उतरवणं

सगळ्या खोल्यांचे ओळीनुसार आकडे एकत्र करा, पेट्यांत रूपांतर करा आणि प्रत्येक डिझाइनची एक पेटी वर धरा. आणि एकदाच उचला. टाइल्सची प्रत्येक भाजणी थोड्या वेगळ्या रंगाची उतरते आणि मापातही मिलिमीटरभर फरक पडतो. पेटीवर शेड किंवा बॅच नंबर आणि मापाचा गट छापलेला असतो. बहुतेक माल मोरबीहून ट्रकने येतो. आठ दिवसांनी दुकानात तेच डिझाइन असलं तरी तीच बॅच असेलच असं नाही. दोन बॅचच्या टाइल्स शेजारी लागल्या की संध्याकाळच्या तिरप्या उजेडात पट्टा स्पष्ट दिसतो. वाळूआधी टाइल्स सांगायच्या त्या यासाठी: हव्या तेवढ्या पेट्या एका बॅचच्या मिळाल्या नाहीत तर डिझाइन बदलायला वेळ हवा. वास्तुशांतीची तारीख आधी काढून मग दुकानात जाणाऱ्यांना ही सवड मिळत नाही.

दोन बाय दोनची पेटी २८ ते ३० किलोची. छोट्या हत्तीत साधारण २५ पेट्या बसतात. पेठेतल्या बोळात ट्रक येत नाही, तेव्हा मोठ्या रस्त्यावरून दारापर्यंतची आणि जिन्याची हमाली आधी ठरवा. माल उतरण्याआधी प्रत्येक पेटीचा बॅच नंबर पाहा. उतरल्यावर वाद घालून उपयोग नाही. प्रत्येक रंगाची एकेक पेटी फोडून चार टाइल्स जमिनीवर शेजारी मांडून बघा. पेट्या उभ्या, भिंतीला टेकवून, पसरून ठेवा. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या मधोमध चाळीस पेट्यांची चवड रचली तर टनापेक्षा जास्त वजन एका जागी येतं.

उरलेल्या सीलबंद पेट्या किती दिवसांत परत घेणार, हे बिलावरच लिहून घ्या. फोडलेली पेटी सहसा कोणी घेत नाही. परत करताना प्रत्येक डिझाइनची एक पेटी ठेवून घ्या. नळाची गळती काढायला पाच वर्षांनी भिंत फोडाल तेव्हा ते डिझाइन बाजारात नसेल. ती माळ्यावर ठेवा. नदीकाठच्या भागात तर खालच्या मजल्यावर नकोच, कारण टाइलला पाण्याने काही होत नाही, पण खोक्याचा लगदा होतो आणि त्यावरचा नंबर जातो. पेटीच्या छापील बाजूचा फोटो काढून बिलाच्या फोटोबरोबर ठेवा, आणि टाइलच्या पाठीवर मार्करने खोलीचं नाव लिहा.